ओळंबा आणि पेन्सिल

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. बुधवारी इशाच्या नमाजनंतर वसतिगृहाचा फोन वाजला. नववीतल्या एका मुलाचे वालिद बोलत होते. सलाम-दुआ झाली, तब्येतीची विचारपूस झाली आणि मग त्यांनी मुद्द्याला हात घातला.

"सर, पोरगा तिथं चित्रं काढतो म्हणे. ईदच्या सुट्टीत त्याची वही बघितली मी. माणसं काढलीत, बकऱ्या काढल्यात. आपल्यात हे चालत नाही सर. त्याला त्या ड्रॉइंगच्या परीक्षेला बसवू नका. अन् शनिवारच्या सहलीला पण नक्को."

आवाजात राग नव्हता, काळजी होती. हे गृहस्थ गवंडीकाम करतात. फरशी, गिलावा, जे मिळेल ते. शिक्षण पाचवीपर्यंत. मुलगा शिकावा म्हणून त्याला दोनशे किलोमीटरवर आमच्याकडे ठेवलेला. अशा माणसाला "तुम्हाला काय कळतंय" असे म्हणून गप्प करणे सोपे होते, पण ते बरोबर झाले नसते. आम्ही एवढेच म्हणालो, "भाईजान, दोन दिवस द्या. आम्ही मौलानासाहेबांना विचारतो, मग तुम्हाला फोन करतो."

रविवार फार मोठा असतो

वसतिगृहातला रविवार कसा असतो, हे बाहेरच्यांना कळत नाही. सोमवार ते शनिवार घंटेवर चालतात. फजरची घंटा, नाश्त्याची घंटा, शाळेची घंटा. रविवारी घंटा कमी आणि आठवण जास्त. सकाळी कपडे धुऊन झाले की मुले कठड्यावर बसून रस्त्याकडे बघत राहतात. महिन्यातून एक रविवार भेटीचा असतो. त्या दिवशी ज्यांचे कोणी येते त्यांचे डबे उघडतात आणि ज्यांचे कोणी येत नाही ते मैदानाच्या दुसऱ्या टोकाला खेळायला जातात. म्हणून दर सत्रात एक शनिवार-रविवार तरी मुलांना बाहेर काढायचे, असे आम्ही ठरवले आहे.

या वेळी सहल चित्रकलेची होती. त्याला कारण परीक्षेचे. शासकीय रेखाकला परीक्षांपैकी इंटरमिजिएट उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला दहावीला वाढीव गुण मिळतात. आमच्या मुलांसाठी ते दोन-चार गुणही मोलाचे. परीक्षेत वस्तुचित्र असते, संकल्पचित्र म्हणजे नक्षीकाम असते, भूमिती आणि अक्षरलेखन असते. आणि स्मरणचित्र असते, ज्यात बहुधा बाजार, शेत, बसस्थानक असे माणसांनी भरलेले दृश्य आठवणीतून काढावे लागते. गाडी अडत होती ती या शेवटच्या पेपरवर.

मौलानासाहेब काय म्हणाले

गुरुवारी आम्ही वसतिगृहाच्या मौलानासाहेबांपुढे बसलो. त्यांनी आधी त्या वालिदांची बाजू घेतली. सजीवांच्या प्रतिमा बनवण्याबद्दल हदीसमध्ये कडक इशारे आहेत आणि ज्याच्या मनात त्याची भीती आहे त्याला हसू नका, असे ते म्हणाले. मग त्यांनी हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांचा प्रसंग सांगितला. चित्रे काढून पोट भरणारा एक माणूस त्यांच्याकडे आला होता. त्यांनी त्याला हदीस ऐकवली. तो घाबरला तेव्हा त्याला वाऱ्यावर सोडले नाही. झाडे आणि ज्यात जीव नाही अशा वस्तू काढ, असा रस्ता दाखवला. हा प्रसंग सहीह बुखारीत आहे.

"म्हणजे दरवाजा बंद नाही," मौलानासाहेब म्हणाले. "झाडं, वेली, इमारती, भूमिती, अक्षरं यात उलमांचं दुमत नाही. सजीवांच्या चित्रावर मतभेद आहेत. शिक्षणासाठी काढलेल्या कागदावरच्या चित्राला काही उलमा सवलत देतात, काही देत नाहीत. काही म्हणतात, चेहऱ्याचे नाक-डोळे नसतील तर हरकत नाही. बापाचं मन कुठे मानतं ते त्याला ठरवू द्या. पण सहलीला का नको? तिथं काढायच्या आहेत त्या भिंतीच ना?"

हे सगळे आम्ही जसेच्या तसे फोनवर सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "भिंती काढणार असेल तर येऊ द्या." आणि थोडे थांबून, "या रविवारी भेटीचा दिवस आहे ना सर? मी तिकडंच येतो."

पाणचक्कीचे पीठ

शनिवारी दुपारी एसटीने औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला पोहोचलो. बावीस मुले आणि आम्ही तिघे शिक्षक. प्रत्येकाच्या पिशवीत एक पुठ्ठा, त्याला चिमट्याने लावलेले दहा कागद, दोन पेन्सिली, कंपासपेटी आणि खोडरबर. खोडरबर आम्ही बसमध्येच जमा करून घेतले. नियम दोनच होते: खोडायचे नाही आणि काढण्याआधी दहा मिनिटे नुसते बघायचे.

पहिला मुक्काम पाणचक्की. सूफी बुजुर्ग बाबा शाह मुसाफिर (रह.) यांच्या दर्ग्याच्या आवारातली ही अठराव्या शतकातली रचना. काही किलोमीटरवरच्या डोंगरातून मातीच्या नळांवाटे पाणी आणले, ते उंचावर चढवले आणि त्याच्या जोरावर जाते फिरवले. जादा पाणी भिंतीवरून हौदात कोसळते. त्या हौदाखाली एक मोठा दिवाणखाना आहे. म्हणजे हौदाचा तळ हेच खालच्या खोलीचे छत.

"सर, पण पीठ कोणासाठी दळायचे?" एका मुलाने विचारले. खानकाहमध्ये राहणाऱ्या मुरीदांसाठी, फकिरांसाठी, वाटसरूंसाठी, असे सांगितल्यावर तो लगेच म्हणाला, "म्हणजे ही बोर्डिंगची मेस होती!" सगळे हसले, पण त्यानंतर मुलांनी त्या जात्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले हे खरे. दोघांनी हौद सोडून जातेच काढायला घेतले.

आमचा नववीतला मुलगा मात्र वडाच्या झाडाखाली पुठ्ठा मांडीवर ठेवून बसून होता. कागद कोरा. आम्ही काही बोललो नाही. पाऊण तासाने पावसाची सर आली आणि धांदल उडाली. निम्म्या मुलांची चित्रे भिजली. हौदातले पाणी काढायला बसलेल्या एकाच्या कागदावर खरेच पाणी साचले. त्या गडबडीत कोरा कागद तेवढा कोरडा राहिला.

रात्रीची कंपासपेटी

रात्री ओळखीच्या एका शाळेच्या सभागृहात सतरंज्या अंथरल्या. जेवण झाल्यावर आम्ही मुलांना गोल बसवले आणि कंपास काढायला सांगितले. पुढचे दोन प्रयोग वाचकांनी घरी मुलांसोबत जरूर करावेत. खर्च काहीच नाही.

एक वर्तुळ काढा. कंपासचे अंतर तसेच ठेवून टोक वर्तुळाच्या रेषेवर टेकवा आणि रेषेवरच एक खूण करा. त्या खुणेवर टोक ठेवून पुढची खूण. असे करत गेलात तर बरोबर सहाव्या पावलाला कंपास जिथून निघाला तिथे परत येतो. सहा खुणा क्रमाने जोडल्या की षटकोन. एक सोडून एक जोडल्या की दोन त्रिकोण एकमेकांत गुंतून सहा टोकांची चांदणी.

दुसरे, आठ टोकांची चांदणी. वर्तुळात एकमेकांना काटकोनात छेदणारे दोन व्यास काढा. त्यांची टोके जोडली की चौरस. मग त्या काटकोनांना दुभागून आणखी दोन व्यास काढा आणि दुसरा चौरस जोडा. दोन चौरसांतून चांदणी तयार होते. मशिदीच्या जाळीत, मिंबरच्या लाकडात, कुरआन शरीफच्या जुन्या हस्तलिखितांच्या पानांवर मुस्लिम कारागिरांनी शेकडो वर्षे हेच केले. एक वर्तुळ घेतले आणि त्यातून न संपणारी नक्षी काढली.

तो मुलगा इथे पहिल्यांदा हलला. वर्तुळावर वर्तुळ काढत गेला. दिवे घालवायची वेळ झाली तरी त्याचा कागद संपला नव्हता. "सर, याला शेवट कुठं असतो?" त्याने विचारले. आम्ही म्हणालो, "नसतो. कागद संपला की आपण थांबतो, नक्षी थांबत नाही." त्याने कागदाच्या पाठीवर पुढे सुरू केले.

'ही कॉपी आहे का सर?'

रविवारी सकाळी बीबी का मकबरा. पुरातत्त्व खात्याच्या नियमाप्रमाणे पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नसते, त्यामुळे पैसे फक्त आम्हा तिघांचे लागले. दरवाजातून आत येताच समोर पाण्याचा लांब पाट आणि त्याच्या शेवटी पांढरा घुमट. मुले एकदम गप्प झाली. तेवढ्यात शेजारून जाणारे एक पर्यटक आपल्या घरच्यांना मोठ्याने म्हणाले, "चला, फोटो काढा आणि निघू. नकली ताजमहाल आहे हा."

मुलांनी ते ऐकले. 'नकली' हा शब्द आमच्या मुलांना ओळखीचा आहे. स्वस्तातल्या बुटांना, सेकंडहँड दप्तराला, कधी कधी त्यांच्या शाळेलाही तो लावला जातो. एकाने सरळ विचारले, "सर, ही कॉपी आहे का? कॉपी केली तर मार्क कापतात ना?"

आम्ही त्यांना परत मुख्य प्रवेशद्वारापाशी नेले. तिथल्या लाकडी दरवाजावर पितळी पत्र्याचे फुलापानांचे काम आहे आणि त्यावरच्या कोरीव लेखात दोन नावे आहेत: वास्तुशिल्पी अताउल्लाह आणि बांधकाम पाहणारे हंसपत राय. एक मुसलमान, एक हिंदू, एकाच दरवाजावर. अताउल्लाह म्हणजे उस्ताद अहमद लाहोरी यांचे चिरंजीव. आणि ताजमहालाच्या रचनेचे श्रेय दिले जाते ते याच उस्ताद अहमद यांना. "आता सांगा," आम्ही म्हणालो, "बापाच्या हाताखाली शिकलेल्या मुलाने बापासारखे काम केले तर त्याला कॉपी म्हणायचे का?"

मुलांना इतिहास थोडक्यात सांगितला. औरंगजेबाच्या बेगम दिलरस बानो 1657 साली वारल्या. राबिया-उद-दौरानी या नावानेही त्या ओळखल्या जातात. त्यांचा मुलगा आझमशाह तेव्हा अवघा चार वर्षांचा होता. 1660 च्या सुमाराचा हा मकबरा त्याच आझमशाहच्या नावाने ओळखला जातो. टॅव्हर्निये नावाचा फ्रेंच प्रवासी सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना त्याला वाटेत संगमरवराने भरलेल्या सुमारे तीनशे गाड्या दिसल्या. सर्वांत लहान गाडीलाही बारा बैल जुंपलेले होते, असे त्याने लिहून ठेवले आहे. एका जुन्या इतिहासात मकबऱ्याचा खर्च 6 लाख 68 हजार 203 रुपये 7 आणे असा आणे-पैशांपर्यंत नोंदला आहे. ताजच्या मानाने तो अगदी थोडा.

आत कबरीपाशी गेलो. वरच्या सज्जातून खाली पाहिले की संगमरवराच्या अष्टकोनी जाळीत कबर दिसते. लोक वरून नाणी टाकतात. आमच्या मुलांनी हात उचलून फातेहा पढला. बाहेर येताना आठवीतला एक लहानगा हळूच म्हणाला, "चार वर्षांचा होता तो." त्याची अम्मी दोन वर्षांपूर्वी वारली आहे. आम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पुढे तो दिवसभर फक्त ती अष्टकोनी जाळी काढत होता.

रेषेवर रंग बदलतो

दहा मिनिटे नुसते बघायचे, या नियमाचा फायदा इथे दिसला. एका मुलाने बघता बघता विचारले, "सर, खालचा दगड आणि वरचा सारखा नाही. खाली चकाकतो, वर नाही." बरोबर होते. मकबऱ्याच्या भिंतींना खालच्या पट्ट्यापर्यंतच संगमरवर आहे. त्याच्या वर घुमटाच्या पायापर्यंत आपल्या दख्खनचा काळा दगड आणि त्यावर चुन्याचा गिलावा. घुमट पुन्हा संगमरवराचा. पैसा कमी पडला तिथे हाताचे कौशल्य लावले. गिलाव्यातच वेली, फुले, कमानी उठवल्या. घाईघाईने फोटो काढून निघून गेलेल्या त्या पर्यटकांना हे दिसले असेल असे वाटत नाही.

साडेअकराच्या सुमारास ते वालिद आले. हातात स्टीलचा डबा, डोक्यावर टोपी, धुतलेला पांढरा शर्ट. मुलगा एका कमानीसमोर पाठमोरा बसला होता. त्याने आज चित्र सुरू केले होते. अब्बा मागे उभे राहिले. मुलाला कळले, त्याचा हात थांबला.

पण अब्बांचे लक्ष कागदाकडे नव्हतेच. ते भिंतीकडे बघत होते. जवळ गेले, नक्षीला हात न लावता मान तिरकी करून उजेडात पृष्ठभाग न्याहाळला. म्हणाले, "चुना आहे हा. घोटलाय बघा कसा."

मग जे झाले ते आमच्या नियोजनात नव्हते. एकेक करून मुले त्यांच्याभोवती जमली आणि त्यांनी बोलायला सुरुवात केली. त्यांचे वडील चुन्याचे काम करीत. कळीचा चुना भिजवून मुरवायचा, मग बैलाच्या घाणीत वाळूबरोबर मळायचा. त्यात गुळाचे पाणी, हिरड्याचे पाणी घालायचे म्हणजे पकड धरतो. थरावर थर द्यायचा आणि शेवटचा थर ओला असतानाच गुळगुळीत दगडाने घोटत राहायचा. "सिमेंट एका दिवसात आवळतं. चुन्याला सबर लागतो. माझे अब्बा म्हणायचे, चुना घाईच्या माणसाला धरत नाही."

एका मुलाचा मिनार कागदावर कलला होता. त्यांनी विचारले, "ओळंबा नाही का तुमच्याकडे?" आम्ही सांगितले की चित्रकार पेन्सिल हात लांब करून उभी धरतात आणि तिच्याशी इमारतीची रेषा ताडून बघतात. त्यांनी मुलाच्या हातातली पेन्सिल घेतली, एक डोळा मिटून मिनाराशी धरली आणि हसले. "हा तर ओळंबाच झाला." मग त्यांनी पिशवीच्या नाडीला चावी बांधून खरा ओळंबा करून दाखवला. गुण्या कशासाठी, मध्य कसा काढायचा, दोरी आणि खिळ्याने कमान कशी आखायची, हेही सांगितले. दोरी-खिळ्याचे सांगितले तेव्हा त्यांचा मुलगा पहिल्यांदा बोलला, "अब्बा, कंपास पण तेच करतो." आणि त्याने रात्रीचा कागद पुढे केला.

अब्बांनी तो कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. सहा टोकांच्या चांदण्या, एकातून दुसरी, कडेपर्यंत. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एका ठिकाणी बोट ठेवले. "इथं चुकलास. हा सांधा जुळला नाही. इथून पुढं सगळं सरकलंय." मुलाने पाहिले. खरेच चुकले होते, आम्हा तिघांनाही दिसले नव्हते.

परीक्षेचे काय झाले

जोहरच्या नमाजनंतर बागेच्या कडेला डबे उघडले. ज्यांचे कोणी आले नव्हते त्यांच्याही वाट्याला त्या अब्बांच्या डब्यातली खिचडी-खट्टा आली. जेवताना त्यांनी स्वतःच विषय काढला.

"सर, परीक्षेला बसू द्या त्याला. नक्षी अन् भूमिती त्याला जमेल. माणसांच्या चित्राला मात्र माझं मन अजून मानत नाही. मौलानांनी सांगितलं तसं, नाक-डोळे न काढता काढू द्या. तेवढ्यानं मार्क कमी आले तर येऊ देत."

आम्ही "हो" म्हणालो. त्यांना आणखी समजावण्याचा मोह झाला होता, पण आवरला. बाप आपली काळजी सोडत नव्हता आणि तरी मुलाचा हातही सोडत नव्हता. त्यात आम्ही बोट घालायचे कारण नव्हते.

मुलाने परीक्षा दिली. स्मरणचित्रात त्याने आठवडी बाजार काढला. माणसे पाठमोरी, काहींच्या डोक्यावर पाट्या, काहींच्या छत्र्या, एकाचाही चेहरा नाही. आणि मागे एक अर्धी बांधलेली भिंत, तिच्यावरून लोंबणारा ओळंबा. बी श्रेणी मिळाली, अल्हम्दुलिल्लाह. ते चित्र त्याने अब्बांना दाखवले का, हे आम्ही विचारले नाही.

पालकांना दोन शब्द

अशा सहलीला फार पैसा लागत नाही. आमचा खर्च एसटीचे भाडे, एक वेळचे जेवण आणि कागद एवढाच झाला. आपल्या प्रत्येक जिल्ह्यात एखादी जुनी मशीद, दर्गा, वेस, बारव असतेच. रविवारी मुलांना तिथे न्या. मोबाइल घरी ठेवा. आधी बघू द्या, मग काढू द्या. चित्र चांगले आले की वाईट हे सांगण्याची घाई करू नका. आणि घरात कोणी सुतार, गवंडी, शिंपी, लोहार, हिमरू विणणारे असतील तर त्यांना सोबत न्या. आम्ही बीएड झालेल्या तिघांनी दोन दिवसांत जे शिकवले, त्यापेक्षा त्या एका गवंड्याने तासाभरात शिकवलेले मुलांच्या जास्त लक्षात आहे.

धर्माबद्दल मनात शंका असेल तर ती दाबू नका आणि त्यावरून भांडूही नका. जाणत्या आलिमांना विचारा. काय काढू नये हे मुलाला सांगताना काय काढता येते हेही सांगा. नुसते "नको" ऐकलेले मूल वही लपवायला शिकते.

आमच्या वसतिगृहाच्या जेवणघराची एक भिंत नव्याने गिलावा करायची आहे. त्या वालिदांनी दिवाळीच्या सुट्टीत येऊन ती करून देण्याचे कबूल केले आहे. मजुरी घेणार नाही म्हणतात, आम्ही देणार आहोत. भिंतीवर चांदण्यांची एक पट्टी उठवायची ठरली आहे. आखणी मुलगा करणार. सांधे अब्बा तपासणार.